हजेरीचा नारळ

मंगळवारी दुपारच्या जेवणापर्यंत देऊळखार एकशे चौदा वेळा बुडालं होतं, आणि गावात कोणालाच त्याचं सोयरसुतक नव्हतं. खाडीत बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून तिसऱ्यांचे शिंपले वेचत होत्या. ग्रामपंचायतीच्या पायरीवर दोन म्हातारे तंबाखू मळत कोणाच्या तरी लग्नातल्या जेवणाला नावं ठेवत होते. बुडत होतं ते दुसरं देऊळखार. ते या म्हाताऱ्यांच्या डोक्यावर, माडीवरच्या खोलीत, कपाटाएवढ्या एका यंत्रात होतं.

पुण्याच्या एका संशोधन संस्थेतल्या डॉ. नीरजा खांबेटे त्याला ‘प्रतिगाव’ म्हणत. तीन वर्षांपूर्वीच्या वादळात खाडीपलीकडची मळईवाडी पाण्याखाली गेली आणि एकसष्ट माणसं दगावली, तेव्हा वादळाचा इशारा दोन दिवस आधीच मिळालेला होता. चुकला होता तो माणसांचा अंदाज. वारा कुठे वळेल, भरतीला पाणी किती चढेल हे गणिताने सांगता येतं. पण ‘लाट येतेय, पळा’ म्हटल्यावर कोण आधी कोंबड्या झाकायला धावेल, कोण कुलपाची किल्ली शोधत बसेल आणि कोण शेजाऱ्याशी असलेल्या भांडणापायी त्याच्या आवारातून जायचं टाळून लांबच्या वाटेने जाईल, हे गणिताला कोण सांगणार? नीरजाताईंचं सगळं संशोधन या प्रश्नाचं उत्तर होतं.

त्यांच्या माणसांनी देऊळखारातल्या घराघरांत जाऊन प्रत्येकाला दोनशे प्रश्न विचारले. मग प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा बांधला. माणूस केव्हा कुठे जातो, किती वेगाने चालतो, कोणापाशी थांबतो, हे तो पट्टा दोन वर्षं टिपत राहिला. या सगळ्यातून यंत्रात प्रत्येकाचा एकेक ‘प्रतिजन’ तयार झाला. प्रतिजन म्हणजे चित्र नव्हे. तो आपल्या माणसासारखा उठायचा, रुसायचा, विसरायचा. आपण यंत्रात आहोत हे त्याला ठाऊक नसायचं. यंत्र त्या गावावर वादळ सोडी, पाणी चढे, प्रतिजन आपापल्या स्वभावाप्रमाणे धावत, काही वाचत, काही बुडत. मग यंत्र सगळं पुसून पुन्हा त्याच सकाळपासून सुरुवात करी. अशा एका खेपेला ‘फेरा’ म्हणत. हजारो फेऱ्यांतून कळे की कोणी कोणाला हात द्यावा, कोणती वाट मोकळी ठेवावी, कोणाच्या दारात आधी जावं. ते नियम मग खऱ्या गावाला शिकवायचे.

देऊळखार निवडायला आणखी एक कारण होतं. या गावाला गाव सोडून जायची सवय होती. दर तीन वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल घेऊन अख्खं गाव, गुरंढोरं, कुत्री, कोंबड्यांसकट शिवेबाहेर जाऊन तीन दिवस झोपड्या घालून राही. यालाच गावपळण म्हणतात. शिवेवर चिऱ्याचा एक जुना खांब आहे. तिथे गावातला पहिला मानकरी माणसं मोजी, आणि गणती भरल्याशिवाय कोणी पुढे जात नसे. नीरजाताई हे ऐकून हरखून गेल्या. वादळात मोबाइलचे मनोरे पहिल्यांदा आडवे होतात, पट्टेही मुके होतात. तोंडी गणती मात्र कोणत्याही वाऱ्यात चालते. त्यांनी गावपळणीची वही जशीच्या तशी यंत्रात घातली. वहीत चारशे तेरा नावं होती.

पहिल्या सभेत त्यांनी हे सगळं समजावून सांगितलं, तेव्हा गणती करणारे बुधाजी गावकर, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, काठी टेकत उठून उभे राहिले. मग म्हणाले, “म्हंजे आमी भायर आसताना गावात जे येऊन ऱ्हवतत, तेंका तुमी पेटयेत घातलास.”

“कोण येऊन राहतात?”

“जे नाय आसत ते,” बुधाजी म्हणाले. सभेत कोणी हसलं नाही. नीरजाताई मात्र हसल्या, आणि पुढे बरेच दिवस पुण्यातल्या मित्रमंडळींना हा किस्सा सांगत राहिल्या.

त्या मंगळवारी त्यांना हसू येत नव्हतं. कार्तिक जवळ आला होता, समुद्र तापलेला होता, आणि आराखडा एका जागी अडला होता. नियम कितीही बदलले तरी प्रत्येक फेऱ्यात चारशे अकराच माणसं वाचत. बुडणारी दोन माणसं नेहमी तीच असत. घर क्रमांक सदतीस. तारामती परब, वय त्रेसष्ट, आणि तिचा मुलगा गौरेश, वय चोवीस.

त्यांनी एक फेरा सावकाश चालवून पाहिला. भोंगा वाजला की गौरेश बांधावरून होडी बांधायला धक्क्यावर जाई. तारामती इतरांबरोबर शिवेपर्यंत येई, तो दिसत नाही म्हणून पाणंदीने मागे फिरे. ती धक्क्यावर पोचेपर्यंत हा बांधावरून घरी. घरात आई नाही म्हणून हा पुन्हा धक्क्याकडे, तेवढ्यात ती पाणंदीने घरी. दोन वाटा, दोन माणसं, आणि चुकामूक. शेवटी पाणी येई.

“एवढंसं तर आहे,” नीरजाताई स्वतःशी म्हणाल्या. त्या मुलाला चार शब्द सुनवावेत या विचाराने त्या सदतीस नंबरच्या घराकडे निघाल्या. पट्ट्याच्या नोंदीवरून तो चांगलाच घरकोंबडा दिसत होता. सकाळी तेवढा धक्क्यावर जायचा आणि उरलेला दिवस घरात.

तारामती पडवीत बसून कोकमाची सोलं वाळत घालत होती. बारीक चणीची, डोईवर पांढरे केस, आणि बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघायची सवय.

“काकी, गौरेश आहे का घरात?”

तारामतीचे हात थांबले. “कोणी सांगल्यान तुका?”

“कोणी म्हणजे? आमच्याकडे त्याचं सगळं आहे की. त्याला जरा समजवायचंय. भोंगा झाल्यावर होडीमागे धावायचं नाही म्हणून.”

तारामती उठली आणि आत गेली. तिच्या मागोमाग नीरजाताईही माजघरात शिरल्या. भिंतीवरच्या खुंटीला एक निळा सदरा होता. कॉलर झिजलेली, घडीच्या रेषा पक्क्या बसलेल्या. त्याच खुंटीला संस्थेचा मनगटी पट्टा लटकत होता, हिरवा दिवा लुकलुकत. खाली कोनाड्यात हळदकुंकू लावलेला एक नारळ होता.

“एकोणीस वर्सां झाली,” तारामती म्हणाली. “होडी घेऊन गेलो तो. होडी गावली. तो गावाक नाय.”

नीरजाताईंनी खुंटीवरचा पट्टा हातात घेतला. मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते शास्त्रज्ञाचं होतं. “पण वहीत त्याचं नाव आहे. दोनशे प्रश्नांची उत्तरं आहेत.”

“माका इचारल्यानी, मी सांगलंय. काय खाता, कसो चलता, कोणावांगडा भांडता. मोटे गोड पोरगे होते तुजे. दोन पट्टे देऊन गेले. एक मी बांदलंय, एक खुंटयेक. सकाळी धक्क्यार जातंय तेवा तेचो पट्टो कनवटीक घेतंय. तेवडाच तेका भायरचा वारा.”

ही चूक दुसऱ्या कुठल्या गावात झाली नसती. देऊळखारच्या रीतीप्रमाणे जो गावाबाहेर आहे, मुंबईला, बोटीवर, कुठेही, त्याच्या नावाने घरचं माणूस शिवेवर एक नारळ मांडतं आणि मानकरी तो माणूस म्हणूनच मोजतो. त्याला हजेरीचा नारळ म्हणतात. माणूस परतला की तो स्वतः नारळ फोडून खोबरं वाटतो. मेल्याचं कळलं की घरचं माणूस नारळ खाडीत सोडतं. जोवर सोडलेला नाही, तोवर तो माणूस हजर. त्याच्याविषयी ‘होता’ म्हणायचं नाही, ही गावाची शिस्त. म्हणून दोन वर्षांत चारशे बारा माणसांपैकी एकानेही नीरजाताईंना सांगितलं नव्हतं.

त्या तडक बुधाजींकडे गेल्या. बुधाजी ओटीवर सुंभ वळत बसले होते.

“तुम्हाला माहीत होतं!”

“गावाक म्हायत आसा.”

“मग सांगायचं नाही? माझं सगळं गणित चुकलं असतं!”

“तुमी माणसां मोजूक इलास. आमी मोजतंव तशी दिली,” बुधाजी शांतपणे म्हणाले. “नारळ सोडूचो तर तिनाच सोडूचो. माका तो हक्क नाय. तुमका तर नायच नाय.”

यंत्रातून एक नाव काढणं म्हणजे एक कळ दाबणं. नीरजाताईंनी ती दाबली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्या वाईट नव्हत्या, आणि पुण्याच्या संस्काराप्रमाणे त्यांनी परवानगी मागितली. दुसऱ्या दिवशी तारामतीला माडीवर बोलावून खुर्ची दिली, चहा दिला, आणि सगळं उलगडून सांगितलं.

“काकी, गौरेशचा प्रतिजन तुमच्या उत्तरांतून झालाय. प्रश्न होता, संकट आलं तर हा काय करील? तुम्ही सांगितलंत, मला घेतल्याशिवाय जाणार नाही. तुम्हालाही तोच प्रश्न होता. तुम्ही म्हणालात, त्याला घेतल्याशिवाय जाणार नाही. म्हणून दोघं एकमेकांना शोधत राहतात आणि दोघं बुडतात. मी त्याचं नाव काढू का?”

“माजो नारळ तू पाण्यात सोडतलंस?”

“बरं, काढत नाही. मग त्याचं एक उत्तर बदलूया. तो पुढे निघून जातो, असं लिहू?”

तारामतीने कपबशी खाली ठेवली. उठून ती यंत्राजवळ गेली आणि पुन्हा मागे सरली. नीरजाताईंना वाटलं, ती भाबडी बाई यंत्राला घाबरली.

“खरा सांगू, बाय? त्या दिवशी तो निघानच गेलो. आदल्या सांजेक आमचा भांडाण झाला. मी म्हटलंय, होडी इकूया, मुंबयक जा. सकाळी माका सांगल्याबिगर गेलो. मी पेज घेऊन हाका मारीत ऱ्हवलंय.” तिने पदराने तोंड पुसलं. “ता मी तुज्या पोरांका सांगूक नाय. माका घेतल्याबिगर जावचो नाय, असा सांगलंय. माज्या तोंडान तेका परत निघान जा कसा म्हणू? माजा उत्तर बदल. लिही, तारामती तेका सोडून गेली.”

 नीरजाताईंनी उरलेला चहा संपवला आणि उत्तर बदललं. नव्या फेऱ्यात तारामतीची प्रतिजन शिवेवर आली, कोनाड्यातला नारळ तिच्या हातात होता, आणि ती मागे फिरली नाही. चारशे बारा माणसं वाचली. नीरजाताईंनी टाळीच वाजवली.

“तो?” तारामतीने विचारलं.

“कोण?”

“चारशे बारा म्हणालंस. तो खंय आसा?”

दाखवायला नको होतं, हे नीरजाताईंना नंतर कितीतरी वेळा वाटलं. पण फेरा पडद्यावर चालूच होता. गौरेश धक्क्यावरून परत आला. अंगात निळा सदरा. त्याने घरात पाहिलं, पडवीत पाहिलं, विहिरीवर पाहिलं. शेजारच्या घरात शिरला. मग त्याच्या शेजारच्या. प्रत्येक उंबऱ्यावर उभं राहून हाक मारत होता. आवाज बंद होता तरी ओठांवरून कळत होतं. आये. आये. पाणी अंगणात आलं, गुडघ्याला लागलं, तरी तो सदतीस नंबरच्या घराकडे पुन्हा वळला. मग पडदा कोरा झाला आणि सकाळ सुरू झाली.

“ह्या किती येळा होता?”

“दिवसाला तीनशे फेरे. पण काकी, तुम्ही असा विचार करू नका. ती फक्त आकडेमोड आहे. त्याला दुखत नाही. जो बुडतोय तो मुळात नाहीच.”

“मगे हाक कोण मारता?”

नीरजाताईंनी यावर उत्तर दिलं, ते चांगलं पाच मिनिटांचं होतं. त्यात मेंदू होता, जाणीव होती, बुद्धिबळाचा दाखलाही होता. तारामतीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “फेरे बंद करशीत?”

“मोसम संपेपर्यंत नाही करता येणार. रोज समुद्राची नवी आकडेवारी येते, रोज तपासावं लागतं. चारशे बारा माणसांचा प्रश्न आहे. मोसम संपला की करीन, शब्द देते.”

त्या दिवसापासून तारामती रोज दुपारी माडीवर येऊ लागली. जिन्याला हात टेकत चढायची, खुर्चीत बसायची, एक फेरा बघायची आणि जायची. येताना कधी कोकमाचं आगळ आणायची, कधी फणसाच्या उकडलेल्या आठळ्या. नीरजाताईंना ती आवडायला लागली होती. आपली आई असल्यासारखी त्या तिच्यावर रागवायच्याही. खोलीत तिची वेळ झाली की त्या आपसूक जिन्याकडे कान लावायच्या.

एकदा फेरा बघता बघता तारामतीने विचारलं, “बाय, मी शिवेर गेलंय नाय, शोदूकय गेलंय नाय, घरातच बसान ऱ्हवलंय, तर?”

नीरजाताई त्या वेळी बैलगोठ्याच्या वाटेवरची गर्दी मोजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तर काय, चुकामूक व्हायचीच नाही. तो होडी बांधून घरी येईल, तुम्ही दिसाल, दोघं निघाल. पोचाल बहुतेक.”

“चलवन बगूया?”

“नको हो काकी. लोकांना घरात बसा असं शिकवणारा आराखडा कोणी मंजूर करील का?” त्या हसल्या. तारामतीही हसली. आठळ्यांची सालं पदरात गोळा करून ती खाली गेली.

कार्तिकातल्या शुद्ध चतुर्थीला वादळ निघालं. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या भरतीला ते किनाऱ्याला लागणार होतं. बुधाजींनी देवळात कौल लावला. देवाने लगोलग उजवा कौल दिला. त्या वाऱ्यात डावा देऊन देव तरी एकटा कुठे राहणार होता. पंचमीला सकाळी अकराला भोंगा वाजला.

नीरजाताई शिवेवर उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे भरून येत होते. सगळं यंत्रात पाहिल्यासारखं चाललं होतं. भांडलेल्या शेजाऱ्यांनी आवाराची फाटकं आपणहून काढून ठेवली होती. वाडीतल्या दोन धडधाकट सुनांनी लकव्याच्या म्हातारीला खुर्चीसकट उचललं होतं. किल्ल्या शोधायला कोणी थांबलं नाही, कारण आठ दिवस आधीच सगळ्यांनी कुलपं काढून टाकली होती. गुरं आधी, मग म्हातारे, मग पोरं कडेवर घेतलेल्या बाया. पाऊस तिरका लागत होता आणि माडांच्या शेंड्यांचा आवाज माणसाला बोलू देत नव्हता. मनोरा साडेबारालाच आडवा झाला होता. पट्टे मुके झाले होते.

बुधाजी खांबाला पाठ लावून मोजत होते. एका घराचं नाव घ्यायचं, काठीने माणसाच्या खांद्याला स्पर्श करायचा, नारळ असेल तर नारळाला. शेजारी त्यांची नात वही प्लास्टिकखाली धरून खुणा करत होती. यंदा मुंबईला गेलेल्यांचे नारळ, यंदाच बोटीवर चढलेल्या खलाशांचे नारळ, रांगेत ओले होऊन चमकत होते. मोजता मोजता बुधाजी एकदाच थांबले. वाऱ्यामुळे थांबले असतील असं नीरजाताईंना वाटलं. मग त्यांची काठी पुढे सरकली.

“चारशे तेरा,” बुधाजी ओरडले. “गणती भरली!”

शिवेवर एकच कल्ला झाला. कोणीतरी नीरजाताईंना मिठी मारली. खाली, माडांच्या आडून, खाडी गावात शिरताना दिसत होती. तपकिरी पाण्याची भिंत नव्हती ती. नुसतं पाणी होतं, उगाच कोणाच्या तरी घरी यावं तसं सावकाश आत येत होतं. मळईवाडीत एकसष्ट माणसं गेली होती. इथे एकही नाही. नीरजाताईंना आपल्या आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं आणि त्यांना हे पहिल्यांदा सांगायचं होतं ते एकाच माणसाला.

“ताराकाकी कुठेयत?”

त्या रांगेच्या कडेने चालत गेल्या. छत्तीस नंबरचं घर पोराबाळांसह ताडपत्रीखाली बसलं होतं. अडतीस नंबरवाल्यांची म्हैस हंबरत होती. मधे, सदतीसच्या जागेवर, एका स्वच्छ धुतलेल्या पाटावर हळदकुंकू लावलेले दोन नारळ होते.

नीरजाताई मागे वळल्या. बुधाजी त्यांच्याकडेच बघत होते.

“तुम्ही मोजलेत,” त्या म्हणाल्या. “दोन्ही मोजलेत तुम्ही!”

“नारळ मांडलेलो आसता तो मोजूचो,” बुधाजींचा आवाज वाऱ्यात फाटत होता. “काटी लावली तेवा माका कळला, भोंग्याआदीच येऊन मांडून गेली ती. पण पानी चढला होता, बाई. एक कमी म्हटलंय आसतंय तर गणती मोडली आसती. मगे गणती भरीसर कोणी पुढे सरकाचो नाय. धा पोरां तिका आणूक मागे धावली आसती. तुमचो नियम आणि आमचोय.”

त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. ते पावसाचं नसावं.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. तारामती माजघरात सापडली, खुंटीखाली, भिंतीला टेकून बसलेली. डाव्या मनगटावर तिचा पट्टा होता आणि उजव्यावर गौरेशचा. समोर पाटावर दोन ताटल्या पालथ्या पडल्या होत्या. निळा सदरा तिच्या मांडीवर होता. नीरजाताईंनी तो सोडवायचा प्रयत्न केला, मग तसाच राहू दिला.

दहन झाल्यावर बुधाजी माडीवर आले. जिना चढायची त्यांची ही पहिलीच वेळ. पंच्यातल्या दोन नारळांचं ओझं त्यांनी टेबलावर ठेवलं.

“हे आता सोडूक होये,” ते म्हणाले. “पण सोडूचे तर घरच्या माणसान. त्या घरात आता कोण नाय.”

“मग?”

“मगे काय. ऱ्हवतले. दर गावपळणीक मी मांडीन, माज्या मागसून नात मांडीत. वहीत ती दोगांय हजर.”

ते गेल्यावर नीरजाताईंनी पट्ट्यांत साठून राहिलेल्या नोंदी यंत्रात घातल्या. काम होतं, करायला हवं होतं. खऱ्या वादळात कोण कसं वागलं हे कळलं की यंत्र आपले प्रतिजन सुधारून घेई. मग त्याने बुधाजींच्या नातीने खुणा केलेली वही वाचून घेतली. मरण ओळखायला यंत्राला कोणी शिकवलेलं नव्हतं. शिवेवर कोण पोचलं एवढंच ते जाणत होतं, आणि वहीप्रमाणे सगळे पोचले होते. तारामतीबद्दल त्याने एकच नवी गोष्ट टिपली. ही बाई घरात बसून राहते.

रिवाजाप्रमाणे तीनशे फेरे झाले. नीरजाताईंनी शेवटचा पडद्यावर घेतला. भोंगा वाजला. गाव शिवेकडे निघालं. तारामती माजघरात बसून राहिली, तिने दोन ताटल्या मांडल्या. गौरेश धक्क्यावर होडी बांधून बांधावरून परत आला, उंबऱ्यावर उभा राहिला आणि हाक मारायला त्याने तोंड उघडलं. मग हाक न मारता तो आत गेला. थोड्या वेळाने दोघं बाहेर आली. त्याने तिचा हात धरला होता. पाणंदीने, पाणी यायच्या अकरा मिनिटं आधी, दोघं शिवेवर पोचली.

नीरजाताईंनी दिलेला शब्द त्यांना आठवत होता. मोसम संपला की फेरे बंद. त्यांचं बोट कळीवर किती तरी वेळ होतं. जिन्यावर कोणाची चाहूल नव्हती, तरी त्या ऐकत होत्या. मग त्यांनी बोट उचललं, आणि यंत्राने पुढच्या वर्षीचा आराखडा छापायला घेतला. हा आराखडा घराघरांत वाटायचा होता. नियम मोजके होते, पहिल्यांदाच कुठेही अडलेले नव्हते.

एकूण माणसं चारशे तेरा. सुखरूप चारशे तेरा. घर क्रमांक सदतीस : तारामती परब यांनी घर सोडू नये. मुलगा न्यायला येईल.